पिवळ्या हाताविषयी

पडद्यावर पावणेदोन मिनिटांचा प्रसंग आहे.
जमीन फाटते, पिवळा हात वर येतो,
आणि मेलेले काका पुतणीच्या हळदीला हजर होतात,
पंगतीत आपलं पान कुठंय विचारत.
थेटर हसतं. आम्हीही हसतो, त्या हातापर्यंत.

हात काकांचा नाही.
काकांचं काम करणारे पुण्याचे, भले गृहस्थ,
पेवाच्या तोंडाशी वाकले आणि म्हणाले,
माझी पाठ धरलीय.
मग हरिपुरात चौकशी झाली, आत उतरणारं कोण उरलंय.
उरले होते आमचे दादा, मल्लाप्पा बेडगे,
वय एकसष्ट, उतरायचं सोडून बारा वर्षं झालेली.

भूत खरं तर पांढरं ठरलं होतं.
मिरजेच्या रंगभूषेच्या बाईंनी
दोन डबे पावडर फासली दादांना, धोतरासकट.
पण पेव रिकामं झालं तरी भिंतीतली हळद जात नाही.
दादा वर आले ते पिवळेधमक.
तीनदा धुतलं, तीनदा पावडर, तीनदा तेच.
शेवटी दिग्दर्शक म्हणाला, राहू दे,
हळदीला आलेलं भूत, पिवळंच शोभतं.
पुढे कुणीतरी पेपरात त्या रंगाचा अर्थ लिहिला.
कात्रण ठेवलंय आम्ही. बाईंचं नाव त्यात नाही.

पहिला दिवस तर वायाच गेला होता.
दादांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला.
दोन पुरुष खाली जाताच ज्योत बसली.
"आज न्हाई."
जनरेटर धडधडतोय, चाळीस माणसांचा चहा चालू,
मॅनेजर मनगटावरचं घड्याळ दाखवतोय.
दादा म्हणाले, "आतली हवा मेल्याली हाय अजून. जित्ती हुंद्या."
सगळे खो खो हसले. लेखकानं वहीच काढली.

तेच वाक्य काकांच्या तोंडी आहे, मध्यंतराच्या जरा अलीकडे.
सगळ्यात मोठा हशा तिथं येतो,
जयसिंगपूरला तर शिट्ट्या पडल्या.
आई शेजारी बसून पदराची गाठ सोडवत होती,
नसलेली गाठ.
धाकटे चुलते, शिवलिंग, कंदील न सोडताच उतरले होते
एका लग्नसराईत,
ट्रक भरायची घाई होती म्हणून.
हे सिनेमावाल्यांना कुणी सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नव्हतं.

आता टीव्हीवर लागतो अधूनमधून, रविवारी दुपारी.
हात बाहेर आला की माझा मुलगा ओरडतो, आज्जा!
दादा चष्मा पुसतात, नीट बघतात,
आणि दर वेळी एकच तक्रार:
आवरून गेले ते, पण पेवाच्या तोंडावर नुसती फळी टाकून,
पोरं खेळत्यात तिथं.

त्या रात्री बॅटरी घेऊन गेले होते दादा, सोबत आई.
उसाचा पाला, वर माती,
लिंपून, थापटून घेतलं सगळं,
आणि मग, आई सांगते,
घरी चला म्हटलं तरी
तिथंच बसून राहिले थोडा वेळ.