सव्वीसशेचा ठिपका

उद्यमबागेत मी पॅटर्न करतो, सागवानाचे.
पंपाचं पोट, व्हॉल्व्हची मान.
त्यांच्याभोवती वाळू ठोकतात, मग लोखंड ओततात.
अर्ध्या मिलिमीटरवर माझं घर चालतं
आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी
नेमकं तेच अर्धं दिसेनासं झालं.

रविवारी मच्छेच्या माळावर आम्ही तिघं-चौघं
छऱ्याची बंदूक घेऊन जातो.
मागं फौंड्रीतली जळकी वाळू, ट्रॉलीभर ओतलेली,
पुढं दोरीला टांगलेले रंगाचे रिकामे डबे.
कुणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही.
एक टण् ऐकला की आठवडा सुटतो.

पण माशी दिसली की डबा धुक्यात,
डबा दिसला की माशी विरघळलेली,
मागची खाच तर कधीचीच गेली.
भरमाण्णा म्हणाला, "रेड डॉट बसीव की बे.
ठिपका डब्यावर आला, काम खलास."

खडेबाजारात हट्टीहोळींचं दुकान.
पाटीवर कानडी मोठं, मराठी बारीक,
भाव मात्र दोन्हींत सारखा सांगतात.
कॅरमच्या सोंगट्या बाजूला सारून
त्यांनी काचेवर तीन मांडले.

"ह्यो तेराशेचा. तुमाला नको.
स्प्रिंगची बंदूक मागंबी लाथ मारती, पुढंबी.
चार रविवारात ह्याचा ठिपका गाव सोडतंय बगा."
स्वस्त माल नको म्हणणारा दुकानदार!
मी अर्धा विश्वास तिथंच मोजून दिला.
दुसरा सव्वीसशे.
तिसरा नऊ हजार, जरा हलवला की आपोआप जागा होणारा.
"आमचा थोरला तसा होईना," भरमाण्णा म्हणाला.

बंदुकीच्या खाचेचं माप मी बिडीच्या पाकिटावर लिहून नेलं होतं:
अकरा. सव्वीसशेच्याची पकड वीसची.
"मधला तुकडा देतो, दीडशे."
दीडशे मी लक्षात ठेवले.

डोळा लावला. ठिपका कुठाय?
तांबडा स्वल्पविराम होता तिथं, शेपटासकट.
नऊ हजारांच्यात पाहिलं,
तिथंही स्वल्पविराम, जास्त झगझगीत.
"आता आडवा धरा," हट्टीहोळी म्हणाले.
धरला. शेपूट हललं नाही.
प्रणितानं मोबाइलचा कॅमेरा काचेला लावला,
फोटोत ठिपका गोल, मोहरीएवढा, निर्दोष.

दोष काचेत असता तर काचेबरोबर फिरला असता.
तो माझ्याकडंच थांबला होता.
नऊ हजार मोजूनही
डोळा काही बदलून मिळणार नव्हता.

तेवढ्यात पोरगी पलीकडून वाकली.
"बाबा, इथनं कायच दिसंना."
दिसणार कसं?
ठिपका तिकडं नसतोच.
डब्यावर नसतो, वाळूवर नसतो,
बघणाऱ्याच्या बाजूलाच तेवढा असतो.
या जिल्ह्यात जन्म काढून
हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं.

सव्वीसशेचा घेतला. तुकड्याचे शंभर दिले, पन्नास सोडवले.
उरलेल्यातून अनंतशयन गल्लीत चष्मा टाकला.
तो म्हणाला, सिलिंडरचा नंबर आहे,
कधीपासून आहे देव जाणे.
म्हणजे इतकी वर्षं आकाशात चांदण्यांना पाय फुटलेले
मी खरेच समजत होतो.

आज उन्हात ठिपका मंद करून ठेवलाय.
दोन्ही डोळे उघडे, हे अजून जमत नाही,
डावा आपला मिटायला बघतो.
पहिले पाच छरे
डब्याच्या खाली, डावीकडं, पुठ्ठ्यावर.
भरमाण्णा हसला.
मी जाऊन व्हर्नियर लावला:
पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकतात.
चुकले, पण एकाच जागी चुकले.
अशी चूक दुरुस्त होते, हे मला लाकडानं शिकवलंय.

बारीक पेचकस दे रे.
उजवीकडं चार खटके,
वर
मोजतोय, बोलू नको.