पाचपैकी दोन

दार लावून घे, हेलेना.
हा हीटर खोलीपेक्षा कॉरिडॉरच जास्त तापवतो.
ती खुर्ची नको, तिचा एक पाय लबाड आहे.

तिसऱ्या तासाला मी मागच्या बाकावर होते,
आणि तुला वाटलं, मी तुझ्या चुका टिपतेय.
बघ ही वही. तुझं एकही वाक्य नाही हिच्यात.
"बस उशिरा आली." "हे परीक्षेला आहे का?"
अमीना अल-सबाही : तीनदा हात वर.
चौथ्यांदा तोच हात
हिजाब सारखा करायला वळला.

आणि टेरॉन.
एक छेद दोन अधिक एक छेद तीन,
त्यानं लिहिलं, दोन छेद पाच.
तू लाल रेघ मारलीस.
छेद आधी समान करा, म्हणालीस,
फळ्यावर सहा आणलास, पायऱ्या बिनचूक.
टेरॉननं त्या उतरवून घेतल्या,
जसा आपण पत्ता उतरवून घेतो
जिथं जायचं नसतं त्या घराचा.

मी त्याला जिन्यात गाठलं.
म्हटलं, पाच कुठून आले रे?
"शनिवारी मॅच होती, बाई.
पहिल्या हाफला दोन शॉट मारले, एक गेला.
दुसऱ्याला तीन मारले, एक गेला.
पाचपैकी दोन. कोचनंही तेच लिहिलं."

आता सांग,
मुलगा कुठं चुकला?

घाई नको. कॉफी घे, गार असली तरी.

विद्यापीठात तू पुष्कळ बीजगणित शिकलीस,
ते वाया गेलं असं मी म्हणत नाही,
आज रात्री ते सगळं लागेल तुला.
पण सहावीतला अपूर्णांक
बास्केटबॉलच्या कोर्टावरून येतो, घामेजलेला,
बूट न काढता वर्गात शिरतो,
हे तिथं कुणाच्या गावी नव्हतं.
ऑगस्टच्या प्रशिक्षणात काय शिकवलं तुम्हाला?
दारात कसं उभं राहायचं, गोळीबाराची कवायत कशी करायची,
आणि डेट्रॉइटची एक स्लाइड,
बंद कारखाना, फुटक्या काचा.
टेरॉन त्या स्लाइडमध्ये राहत नाही.
तो काकाच्या टायरच्या दुकानावर राहतो,
आणि पाच अष्टमांशाचा पाना सैल पडतो की अकरा षोडशांशाचा,
डोळे मिटून, नुसत्या तळहातानं सांगतो.

मी अकरा वर्षं मारली ती लाल रेघ.
त्यातला एक मुलगा परवा बँकेत भेटला,
काउंटरच्या पलीकडे, टाय लावलेला.
"गणित काही मला जमलं नाही, मिसेस ग्रेव्हली,"
असं हसत हसत म्हणाला
आणि माझे चारशे साठ डॉलर
न अडखळता मोजून दिले.

उद्या काय बोलायचं ते मी सांगणार नाही.
सांगितलं तर तू ते पाठ करशील.

*

शुक्रवार. बर्फ. वर्गात तेवीस.
हेलेनाचे डोळे सुजलेले, बाहीला खडू.
फळ्यावर दोन छेद पाच, मोठं,
आणि खाली : हे कधी बरोबर असतं?
टेरॉननं मान वर केली. मग पाठीमागे पाहिलं,
आपल्या मागं कुणी दुसरा टेरॉन आहे का म्हणून.

सुरुवात बरी झाली. मग ती अडकली.
शॉटचा मेळ पट्टीशी बसेना,
पट्टी पुसली, पुन्हा काढली, वाकडी.
नऊ सेकंद ती गप्प उभी. मी मोजले.
उठावंसं वाटलं. पेनाचं टोपण चावत बसले.
मागच्या रांगेत कुणीतरी चिप्स फोडले.

तेवढ्यात अमीना, हात वर न करताच :
"पण बाई, अर्धं म्हणजे...
कशाचं अर्धं?"

हेलेनानं तोंड उघडलं
आणि घंटा झाली.
टेरॉन दप्तर खांद्याला लावून उभाच राहिला,
दाराकडे एक पाय,
फळ्याकडे एक.