दुसऱ्या गेटापर्यंत

उजवा पाय आता सरळ पुढं येत नाही.
बाहेरून वळसा घेत येतो, अर्धं वर्तुळ काढत,
जणू मला न विचारता
कानडी अक्षरं गिरवायला बसलाय.

चाळीस वर्षं बोर्ड रंगवले मी.
खडेबाजारातली कापडाची दुकानं, शहापुरातले सराफ,
कुंद्याची पाटी, डेंटिस्टचा दात.
वर कानडी खाली मराठी,
नाहीतर वर मराठी खाली कानडी,
त्या त्या साली वारं असेल तसं.
पिवळा रंग दोघींना एकाच डब्यातला.
कानडीला मनगट फिरवावं लागतं.
मराठीला दम धरून
वरची रेघ एका ओढीत न्यावी लागते.

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर झालं ते.
ब्रश पडला. मी पडलो नाही,
हळूहळू खाली बसलो म्हणे.
एका मेडिकल स्टोअरचा 'र' तेवढा राहिला.
पोरानं नंतर पुरा केला.
वाईट काढलाय.

दानेश्वरी मॅडम बैलहोंगलच्या,
वयानं माझ्या धाकटीएवढ्या.
फरशीवर हातभर अंतरानं खडूच्या रेघा मारतात.
"रेघ तुडवायची नाही, भरमाण्णा. ओलांडायची."
मला सांगतायत!
आकडे कानडीत. ओंदु, एरडु, मूरु.
मराठी आकडे अजून अडखळतात तोंडात,
सातानंतर थेट नऊ.
हे मात्र येतात ओळीनं, न चुकता.
कधी शिकलो? शिडी धरणाऱ्या बसूकडून बहुतेक,
तो पायऱ्या मोजायचा मी चढताना.

याच पायांनी मोर्चात चाललोय मी,
घसा बसेपर्यंत ओरडलोय.
एकदा सांगून टाकलं त्यांना.
हसल्या. "मग चालायची सवय हाय की तुम्हाला.
कालु एत्तरी."
उचलला.

खुर्चीतनं दहादा उठायचं, हात न टेकता.
पायरी चढ, उतर. परत चढ.
मग सहा मिनिटांची चाल, घड्याळ लावून.
पहिल्या महिन्यात नव्वद मीटर, आता दोनशे दहा.
"चालताना बोलता आलं पाहिजे,
खरं गाणं म्हणता येऊ नये. एवढाच जोर."
गात तर मी आधीही नव्हतो.

संध्याकाळी शेवंताबरोबर, पहिल्या रेल्वे गेटापर्यंत.
उजवी चप्पल निसटते, मला कळतच नाही.
ती मागं जाऊन उचलून आणते
आणि दुसरंच काहीतरी बोलते, तांदळाचं, जावयाचं.
आता चपलेला मागनं पट्टा शिवून घेतलाय.

गेट पडलेलं असलं की बरं वाटतं.
सगळेच थांबतात. रिक्षा, बुलेट, ट्यूशनची पोरं.
तेवढ्यापुरता मी कुणाच्याच मागं नसतो.
मालगाडीचे डबे मोजतो,
एकोणचाळीस की चाळीस, वाद होतो आमचा.
गेट उठतं, हॉर्न देत सगळे सुटतात
आणि मी टाच आधी टेकवतो, मग चवडा,
मनात म्हणतो, वरची रेघ, एका ओढीत.
मध्येच पाय वळतो. पोट धरतं अक्षर.

"जायचं दुसऱ्या गेटाकडं?" ती विचारते.
लांब आहे.
वाटेत पंक्चरवाल्याचा बोर्ड, माझाच.
अक्षरं उडालीत उन्हानं,
शिरोरेषा तेवढी शिल्लक,
आणि तिच्याखाली एक स्टूल.
तिथवर, म्हणतो मी.
मग बघू.