तरंगती पिन

चाळीस वर्षं तांबट लेनमध्ये
दादांनी घंगाळं मठारली.
तांब्याला आकार येत गेला
आणि कानांतून आवाज जात गेले,
आधी चिमण्या, मग कुकर, मग मी.

सिडकोतल्या या दुसऱ्या मजल्यावर
आमची बेल फक्त शेजाऱ्यांना ऐकू येते.
कोठावदे काकू तीनदा येऊन परत गेल्या.
गॅसवाला तर भरलेला सिलिंडर
पुन्हा खांद्यावर टाकून उतरला.

म्हणून एम. जी. रोडवरून आणला
पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक.
एका काठाला चाळीस पिना, दोन रांगांत.
रांगेतली अकरावी, तिचं चिपमधलं नाव सतरा.
दादांना पाटीवर लिहून दाखवलं.
त्यांना लगेच पटलं. म्हणाले,
पाळण्यातलं एक असतं, हाकेचं एक.

बटणाची तार सतराला,
सत्तावीसची दिव्याला,
दिवा त्यांच्या खुर्चीसमोर, कॅलेंडरच्या खिळ्यावर.
अंबडची शिफ्ट संपवून रात्री लिहीत बसले:

जोवर खरं आहे तोवर
    सतराकडे बघ
    सतरावर हाक आली तर
        सत्तावीस पेटव

चार जागा सोडून, मग आणखी चार.
कुठली ओळ कुणाच्या पोटात
हे यंत्राला त्या मोकळ्या जागेवरूनच कळतं.
एक जागा चुकली की रुसून बसतं.

दिवा लागला.
दादा दाराशी गेले. कोणी नव्हतं.
शेजारी मिक्सर फिरला, दिवा लागला.
पंख्याचं बटण बंद केलं, लागला.
मी तारेजवळ नुसता हात नेला,
शिवलेही नाही,
लागला.

चार दिवस मी ओळींमधली चूक शोधत होते.
चार दिवस दादा दार उघडत होते,
दर वेळी बंडीवर शर्ट चढवून,
दर वेळी पायपुसणं सरळ करून.

चूक ओळींत नव्हतीच.
बटण दाबलेलं नसतं तेव्हा ती पिन
कशालाच बांधलेली नसते,
शून्याला नाही, एकाला नाही.
तरंगते. हवेत जे काही असेल
त्यालाच हाक समजते.

उपाय दोन रुपयांचा. दहा हजार ओहमचा रोध,
तपकिरी, काळा, नारिंगी पट्ट्यांचा, शिताएवढा.
एक टोक पिनेला, दुसरं ग्राउंडला.
पिन गप्प झाली.

मग दुसरंच. बटण एकदा दाबलं
तर पडद्यावर सात हाका.
मी डोकं धरून बसलेली पाहून
दादा पाटीवर वाकले, मग मोठ्यानेच म्हणाले,
अगं, पत्रा उसळतो.
हातोडी एकदा मारली तरी दोनदा बसते.
नव्या पोराला आधी तेच शिकवायचं,
मार, आणि थांब.

मी लिहिलं: दोनशे मिलिसेकंद थांब.
सातांची एक झाली.

आठवडाभर सगळं नीट.
दूधवाला आला, दिवा लागला.
मीटरवाला आला, लागला.
एरवी काळा, गप्प, शहाणा.
रविवारी जेवताना दादांनी विचारलं,
बहिऱ्या माणसाच्या त्या भल्या मोठ्या आवाजात,
"आता कोणी येत नाही का गं?"
पाटीवर लिहिलं, तेव्हाही येत नव्हतं.
आणि त्यांच्याकडे वळवण्याआधी
बाहीनं पुसलं.

काल हाफ डे होता.
जिना चढून वळले तर
दादा आमच्याच दाराबाहेर उभे.
शर्टाची बटणं नीट लावलेली. दार अर्धं उघडं.
अंगठा बेलवर, मान आत वळवलेली.
दाबलं.
आतली भिंत लाल झाली.
थांबले, कारागिरासारखे, अगदी मोजून.
पुन्हा दाबलं.

मी पायरीवरच थांबले,
कोथिंबिरीची जुडी हातात,
वरच्या मजल्यावरच्यांना वाट देत,
त्यांचं होईपर्यंत.