अठराचा पाढा

सोहारच्या बंदरामागे, कॅम्प नंबर तीन.
पहाटेचे साडेचार.
दिलबहादुर वरच्या खाटेवर घोरतोय,
एसीच्या पाइपातून बादलीत थेंब पडतोय,
आणि मी मोबाइलच्या उजेडात बोट निवडतोय.

अंगठा नको, त्यानं पाना धरायचा.
तर्जनी नको, तिनं स्टोअरच्या पावत्या फाडायच्या.
मधल्याला कालची सुई अजून आठवते.
राहिली अनामिका.
बिननावाची, म्हणून निमूट.

हात साबणानं धुवायचे. एकदा नव्हते धुतले,
मशीननं चौदा दाखवले.
मी खाटेवर मटकन बसलो,
घरी कोण कळवेल इथवर विचार गेला,
मग बोट चाटून पाहिलं.
रात्रीचा खजूर.

टक्.
थेंब येत नाही. सोळा वर्षं नटबोल्ट मोजून
कातडी त्यांच्याच जातीची झाली.
बोट मुळापासून पिळत आणतो,
संपत आलेली टूथपेस्ट पिळावी तसं.
पट्टी पिते.
पाच, चार, तीन.

इथलं मशीन इथल्या मापात बोलतं.
पगार रियालात, साखर मिलिमोलमध्ये,
दोन्ही गावी पाठवताना गुणावी लागतात.
पगार गुणला की मी मोठा होतो,
साखर गुणली की आजारी.

म्हणून दोन वर्षं मी साखर गुणलीच नाही.
हमीदा फोनवर विचारायची, "किती आली?"
"साडेनऊ."
तिकडे म्हसळ्यात सहा वाजलेले,
चहाला आधण ठेवलेलं.
शेजारच्या जैतूनबीची एकशे साठ,
तिच्या दिराची दोनशे दहा,
आणि नवऱ्याची साडेनऊ!
मोहल्ल्यात सांगत फिरली,
"आमच्यांची साखर सरतच आली,
तिकडचं पाणी मानवलं."

मी खोटं बोललो नव्हतो.
आकडा खरा होता, फक्त माप सांगितलं नव्हतं.
भंगारवालाही असंच म्हणतो.

मग रमजानच्या तोंडावर तिलाच चक्कर आली.
फोनवर बराच वेळ नुसता श्वास.
"एकशे एकाहत्तर निघाली," ती म्हणाली.
"तुमची साडेनऊ, माझी एकशे एकाहत्तर.
मी काय आता ईद बघत नाही.
कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात आहे."

किल्ली ऐकली आणि मला राहवेना.
"हमीदा, अठरा नव्वे?"
"हे काय विचारता?"
"सांग तर. अठरा नव्वे?"
चौथीत शाळा सुटलेली बाई,
पण पाढा तसाच तोंडात होता.
"बासष्टासे."
"अठराची निमकी?"
"नऊ."
"मिळव."

ती मिळवत होती, मला ऐकू येत होतं,
ओठातल्या ओठात, बांगड्यांवर बोट ठेवत.
"एकशे एकाहत्तर," ती म्हणाली.
मग थांबून,
"म्हणजे दोघांची एकच."
शिव्या देईल वाटलं होतं. दिल्या, पण दुसऱ्या दिवशी.
त्या दिवशी एवढंच, "दोन वर्षं?"

आता रोज एकाच वेळी टोचतो.
तिची मी भागतो, माझी ती गुणते.
भागाकार मला जड जातो, तोवर तिचा चहा होतो,
बिनसाखरेचा, आणि त्याबद्दल
माझ्या सात पिढ्यांचा उद्धार.

आज सात आली.
इतकी चांगली कधीच आली नव्हती.
"अठरा सत्ते सव्वीसासे," ती खुशीत म्हणाली.
आणि लगेच आवाज उतरवून,
"रात्री जेवला नाहीत का?"

मेसवाल्याची उधारी बंद आहे.
दोन महिने पगार नाही,
हे अजून कुठल्याच मापात सांगितलेलं नाही.

"जेवलो की," म्हटलं.
"काय?"
बाहेर बसनं हॉर्न दिला.
मी बोट तोंडात घातलं
आणि बूट शोधायला वाकलो.