परत आलेला माल

पुएर्तो मोन्तच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर,
माझी खोली भर दुपारीही अंधारी असते.
जेल गार आहे हं, मी आधीच सांगते.
गार? एर्मिन्दो कार्कामो म्हणाला,
चाळीस वर्षं समुद्राच्या पंपात हात घातलेत मी, पोरी.

डाव्या कुशीवर वळवलं त्याला.
दोन बरगड्यांमधली फट सापडली
आणि पडद्यावर झडप उघडली, मिटली,
मिटता मिटता तिची एक कड
दोरी तुटल्या शिडासारखी फडकली,
आणि उलटी, फुफ्फुसांकडे,
निळी-पिवळी चूळ.

पडदा बघू नका, असं म्हणायचं असतं.
मी म्हटलं नाही.

आकडा किती?
साठ टक्के.
बरा आहे की! शाळेत मला साठ कधी पडले नाहीत.

इथं मी गप्प बसायचं असतं,
सांगणं डॉक्टरांचं काम.
पण तो इतका खूश झाला होता.
म्हटलं, हृदय शंभरातलं साठ ढकलतं खरं,
त्यातलं जवळजवळ निम्मं मागच्या दारानं परत येतं.
आणि तेही तुम्ही धरता?
धरतो.
किती गेलं एवढंच या आकड्याला कळतं,
कुठं गेलं ते नाही.

तो हसला, धाप लागेपर्यंत हसला.
काल्बुकोच्या कारखान्यात, म्हणाला,
आमचा साहेब
परत आलेले माशांचे डबे विकले म्हणूनच लिहायचा.
तीन वर्षं वही कशी भरलेली.
मग एका सोमवारी फाटकाला कुलूप.
मी तेव्हाच बायकोला म्हटलं होतं,
कुठंतरी पाणी मुरतंय.

डॉक्टर यास्ना मिमिकांनी तीनदा विचारलं, त्रास?
तीनदा तो म्हणाला, छे.
ओतिलियानं विणकाम मांडीवर ठेवलं:
खुर्चीत झोपतो. चर्चला खालच्या रस्त्यानं येतो,
लांबचा आहे, पण चढ नाही.
सुया परत चालू.

कागदाच्या पाठीवर डॉक्टरांनी चित्र काढलं,
हृदय कमी, बटाटा जास्त.
गोळ्यांनी दम हलका होईल, भोक बुजणार नाही.
मांडीच्या शिरेतून चिमटाही लावता येतो,
तो छाती उघडणं ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी.
तुम्ही चौसष्टचे.
उघडू, आणि तुमचीच झडप शिवू.

घाई काय? आकडा तर चांगला आहे.
चांगला दिसतोय तोवरच, डॉक्टर म्हणाल्या,
दोन वर्षांपूर्वी सहासष्ट होता.
तुमच्यासारख्यांना साठ म्हणजे काठ.

बटाटे काढून होऊ देत, तो म्हणाला.
खोलीत कुणी बोललं नाही.
बटाटे मी काढते, ओतिलिया म्हणाली.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच कूस, तोच गारवा,
छातीवर उभी गुलाबी शिवण.
झडप मिटली.
मी थांबून राहिले, पुन्हा बघितलं. मिटली.
चूळ नाही.

किती?
एक्कावन्न.
त्यानं भिंतीकडे तोंड केलं.
म्हणजे कापून घेऊन नऊ घालवले मी.

काय सांगणार?
की मागचं दार बंद झालं, आता सगळं पुढंच ढकलावं लागतं,
की स्नायू आधीच थकला होता,
गळतीआड लपून साठ म्हणत होता,
की आणखी दोन हिवाळे थांबला असतास तर
तर काय, ते मलाही ठाऊक नाही.
यातलं अर्धंमुर्धं बोलले, अडखळत.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
म्हणजे हे विकलेले डबे.
हो.
एक्कावन्न.
हो.
शर्टाची बटणं लावली, एक घर चुकवून.

चहाला बाहेर आले तेव्हा
ओतिलिया सवयीनं खालच्या रस्त्याला लागली होती.
तो चढावर.
निम्म्यात थांबला, हात भिंतीला टेकवून,
दम घेत होता
की तिची वाट बघत होता,
इतक्या लांबून
मला काही मोजता आलं नाही.