एकशे पाच आणि एकशे सहा

शेपटीचे केस मुळासकट उपटायचे,
तुटलेले चालत नाहीत.
आरेच्या बाविसाव्या युनिटात रामसमुझ शेपूट धरतो,
मी चिमटा धरते,
आणि म्हशींच्या काळ्या रांगेच्या टोकाला
ती एकटी तांबडी
माझ्याकडे बघतही नाही.

कानात बिल्ला नाही. नाव काय, विचारलं.
‘नाव कसलं, मॅडम. चार लिटरवाली.’

परळपर्यंत पाकीट मांडीवर.
पुढचं सगळं थंड, पारदर्शक, डोळ्यांना न दिसणारं:
मुळातून एक धागा काढायचा,
त्याच्या नकलांच्या नकला करायच्या,
मग त्यात कात्री सोडायची,
एकाच शब्दावर चालणारी.
शब्द सापडला तर धागा तुटतो.
नाही सापडला तर जसाच्या तसा.
जेलवर संकरित जर्सींचा एकेकच पट्टा उजळला,
जाड, ओळीने,
अठरा लिटरवाली, वीस लिटरवाली, बावीस.
शेवटच्या घरात दोन पट्टे.

सरांना उठवून आणलं जेवणावरून.
त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं, म्हणाले,
एका जनावरावर पेपर होत नाही.

दुधात केसीनचे गोळे तरंगत असतात,
अंगभर लव असलेले.
लव असते म्हणूनच
एवढ्या दाटीत एकमेकांना लागत नाहीत.
रेनेट येतं, लव कापतं,
साखळीतल्या एकशे पाचव्या
आणि एकशे सहाव्या मण्यांच्या बरोब्बर मध्ये.
अलीकडे नाही, पलीकडे नाही.
मग गोळे एकमेकांना सापडतात.
आम्ही तेवढी मिनिटं मोजतो.

आलूमाय मोजत नाहीत. करंगळी बुडवतात.
दादरच्या पारसी कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर,
दर शनिवारी टोपली पनीर.
सासूच्या वेळी कोंबडीच्या पोटातलं
वाळवलेलं अस्तर भिजत घालायच्या,
आता बाटलीतले थेंब.
‘थेंबाचा वांक नाय, डॉक्टर.
दूध आता दूधच नाय.’
मी डॉक्टर नाही हे तीनदा सांगून सोडून दिलं.

त्या शनिवारी दोन बरण्या नेल्या, बर्फात,
एक बावीसवालीची, एक चार लिटरवालीची.
कोणती कुणाची, सांगितलं नाही.
अकरा मिनिटं (सवय जात नाही)
आणि उजवीकडच्या पातेल्यातून
करंगळी कोरडी वर आली.
मागे फट राहिली, कडा सुरीने कापल्यासारख्या,
फटीत हिरवट निवळी.
डावीकडचं अजून थरथरत होतं.
आलूमाय काही बोलल्या नाहीत.
कपाटावरून चार टोपल्या काढल्या,
फुंकर मारली.

बुधवारी पुन्हा नमुने घ्यायला गेले
तर खुंटा मोकळा, दावं गुंडाळून ठेवलेलं.
‘खाती है बाईसवाली जितना,’ रामसमुझ म्हणाला,
आणि त्याचा हिशेब चुकला नव्हता.
भाव लिटरवर मिळतो, फॅटवर मिळतो,
अकरा मिनिटांवर कोण देतं?
मीही देत नव्हते.
माझ्याकडे फक्त आलेख होता.
कुणी नेली? टेम्पोवाला. पालघरकडचा असेल.
किंवा शहापूरकडचा.

उणे वीसच्या फ्रीझरमध्ये, डाव्या कप्प्यात,
पन्नास मायक्रोलिटर ती आहे.
कुपीवर मी ‘चार लिटरवाली’ लिहिलं होतं,
सरांनी खोडून अनुक्रमांक घालायला लावला.

गुरुवारी शिपाई स्टीलचा डबा घेऊन आला.
आत खारट निवळीत बुडालेलं एकच पनीर,
अंगावर वेताची वीण उमटलेली,
उभी, आडवी,
एका जागी वेत तुटलेला, तोही.
उभ्यानेच खाल्लं, लॅबमध्ये खायला बंदी असताना.

झाकणाच्या आतून चिकटपट्टी,
तिच्यावर थरथरत्या अक्षरात:
सेम गाय. आता दोन लिटर आण.